सामना बघायची खोली

महाराष्ट्रात बारचा विषय निघाला की वाद बाटलीपाशी सुरू होतो आणि बाटलीपाशीच थांबतो. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा एका बाजूला द्राक्ष बागायतदारांचं हित होतं आणि दुसऱ्या बाजूला घराघरांतली चिंता. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, दारू हवी की नको. चार माणसांनी संध्याकाळी एकत्र बसून सामना बघायचा तर कुठे, किती वाजेपर्यंत, किती आवाजात आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता कसा, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आपल्याकडच्या पाट्यांवरचा शब्दच पाहा: ‘परमिट रूम’. खोलीची ओळख तिथल्या परवान्यावरून होते, तिथे काय चालतं यावरून होत नाही.

लंडनमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला सामना बघायला जागा, म्हणजे बहुधा पब, शोधावी लागते, तेव्हा त्याला याच्या उलट सवय लावून घ्यावी लागते. इथे बाटली गृहीतच असते. वाद, नियम आणि अडचणी असतात त्या खोलीबद्दल. ही खोली वाचायला शिकलात तर या शहरात परक्यासारखं वाटायचं बरंच कमी होईल. इथलं सगळंच उचलून घरी न्यावं, असं मात्र मला वाटत नाही. काही बाबतींत आपल्या गावांतल्या बायकांना जे कळलं आहे, ते इथल्या कायद्याला अजून कळलेलं नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी वेळेचं गणित, कारण निम्मी फजिती तिथेच होते. ब्रिटन हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. आयपीएल साधारण याच मार्चच्या शेवटी सुरू होते, त्यामुळे संध्याकाळी साडेसातचा पहिला सामना लंडनमध्ये दुपारी दोनला लागतो आणि आठवड्याभरात तोच तीनला सरकतो. भारतातली कसोटी हिवाळ्यात पहाटे चारला सुरू होते आणि अकराला दिवसाचा खेळ संपतो. बरेच पब उघडतात त्याच वेळेला. म्हणजे भारतातली कसोटी पबमध्ये बघायचा विचार सोडूनच द्या.

विश्वचषकाचे दिवसरात्र सामने मधल्या वेळेत येतात. १९ नोव्हेंबर २०२३ चा अहमदाबादचा अंतिम सामना लंडनच्या घड्याळात रविवारी सकाळी साडेआठला सुरू झाला. अशा वेळी दोन वेळा वेगवेगळ्या तपासायच्या असतात: पब उघडतो कधी, आणि दारू विकायची मुभा कधीपासून आहे. या दोन्ही एकच असतील असं नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रत्येक परवानाधारक पबला परवान्याचा सारांश दिसेल अशा जागी लावावा लागतो. सहसा तो दाराजवळ किंवा काउंटरच्या मागे फ्रेममध्ये असतो, आणि त्यावर वारानुसार वेळा छापलेल्या असतात. शिवाय प्रत्येक कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, परवान्यांची नोंदवही सार्वजनिक असते. पबचं नाव टाकून शोधलं की वेळाच नाही, तर ‘मागची बाग रात्री नऊनंतर बंद’ अशा अटीही कळतात. घरून निघण्याआधी ती पाच मिनिटं द्यावीत.

परवान्याची वेळ आड येत असेल तर एक रस्ता आहे, आणि तो फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. पब कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना देऊ शकतो. तिची फी २१ पौंड. किमान दहा पूर्ण कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते आणि एका वेळी माणसं पाचशेच्या आत असावी लागतात. पोलीस किंवा पर्यावरण आरोग्य विभाग हरकत घेऊ शकतो. तुमचा तीस-चाळीस जणांचा गट असेल तर साधारण महिनाभर आधी मॅनेजरला भेटा, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे तो मोकळा असेल. त्याला सामन्याविषयी सांगू नका, नाश्त्याविषयी सांगा: इतकी माणसं, इतके शाकाहारी, पैसे आगाऊ. सकाळी लवकर पब उघडायचा म्हणजे दोन-तीन माणसांना आधी बोलावून पगार द्यावा लागतो. तो खर्च निघतोय हे दिसलं की क्रिकेट म्हणजे काय हे माहीत नसलेला मॅनेजरही तयार होतो.

ही अडचण फक्त परक्यांची नाही. २० ऑगस्ट २०२३ ला महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना सिडनीत झाला. इंग्लंडच्या मुली अंतिम फेरीत होत्या आणि सामना ब्रिटनमध्ये रविवारी सकाळी अकराला होता. अनेक पबांच्या परवान्यात त्या वेळेची मुभा नव्हती, आणि संसदेला सुटी असल्याने देशभर वेळ वाढवण्याचा आदेश काढता आला नाही. सरकारने कौन्सिलांना, आलेले अर्ज लवकर निकालात काढा, एवढंच सांगितलं.

आता चॅनेल. ‘आम्ही सगळे खेळ दाखवतो’ या पाटीवर विश्वास ठेवू नका. क्रिकेटचे हक्क मालिकेगणिक हात बदलतात. इंग्लंडचा संघ २०२१ मध्ये भारतात कसोटी खेळला तेव्हा ती मालिका चॅनेल फोरवर फुकट दिसली, आणि २०२४ ची मालिका टीएनटी स्पोर्ट्सवर गेली. ज्या पबने फक्त स्काय या दुसऱ्या वाहिनीची वर्गणी घेतलीय तिथे तुम्ही वेळेवर पोचलात, जागाही मिळाली, तरी सामना लागणार नाही. पबांना घरगुती वर्गणी वापरता येत नाही. व्यावसायिक वर्गणी घ्यावी लागते, आणि स्कायच्या बाबतीत ती पबच्या जागेच्या करपात्र मूल्यावर ठरते. म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या प्रशस्त पबला ती जड जाते आणि गल्लीतल्या छोट्या पबला परवडते. आतल्या गल्लीत उत्तम क्रिकेट दिसण्यामागे हे एक साधं कारण आहे.

व्यावसायिक वर्गणी असेल तर स्कायच्या पडद्याच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासची छोटी खूण दिसते. ती नसेल आणि मॅनेजर रिमोट घेऊन अस्वस्थपणे फिरत असेल, तर समजा की हा घरचा बॉक्स आहे किंवा परदेशी प्रक्षेपण. ते मध्येच गोठतं, किंवा मध्येच बंद करावं लागतं. पोर्ट्समथच्या कॅरेन मर्फी या पबचालक बाईंनी ग्रीक वाहिनीचा डीकोडर लावून फुटबॉल दाखवलं, आणि तो खटला थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २०११ च्या निकालाने त्यांची बाजू बऱ्याच अंशी उचलून धरली, पण प्रक्षेपणातल्या चिन्हांच्या आणि ग्राफिक्सच्या स्वामित्वहक्काचा मुद्दा शिल्लक ठेवला. म्हणून आजही पबचालक जपून असतात.

सामन्यांच्या जागा दाखवणारी ‘फॅन्झो’सारखी ॲप आणि स्कायची स्वतःची पब-यादी उपयोगी आहे, पण ती पहिली पायरी समजा. यादीत चॅनेल आहे म्हणजे तुमचा सामना लागणारच असं नाही. त्याच वेळी फुटबॉल असेल तर क्रिकेट कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर जातं, आवाज बंद करून.

इथे एक बारकावा आहे, आणि आयपीएलच्या प्रेक्षकाने तो पाठ करावा. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करता येत नाही. छोट्या क्लबांच्या मैदानावर येणारी गर्दी टिकावी म्हणून हा जुना नियम आहे. त्यामुळे शनिवारी तीन वाजता पबमधले पडदे तुलनेने मोकळे असतात. त्यांवर बहुधा निकालांचा कार्यक्रम किंवा घोड्यांच्या शर्यती चालू असतात. नेमका तेव्हाच आयपीएलचा संध्याकाळचा सामना सुरू होतो. काउंटरवर नम्रपणे विचारलं तर एक चांगला पडदा मिळून जातो. पण साडेपाचला पुढचा फुटबॉल सामना लागतो, आणि त्या वेळी तुमचा दुसरा डाव सुरू होऊन अर्धा तास झालेला असतो. पाठलाग रंगात येत असताना मोठा पडदा हातातून जातो. म्हणून तीन वाजता बसतानाच विचारून ठेवायचं, ‘साडेपाचनंतर हा सामना कुठल्या पडद्यावर जाईल?’ आणि आधीपासून त्याच पडद्यासमोर बसायचं.

२९ जून २०२४ ला हेच मोठ्या प्रमाणावर घडण्यासारखं होतं. बार्बाडोसमधला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनमध्ये दुपारी साडेतीनला सुरू झाला, आणि पाचला युरो स्पर्धेतला इटली आणि स्वित्झर्लंडचा बाद फेरीचा सामना होता. अशा दिवशी पडद्यांची वाटणी आधी माहीत नसेल तर दक्षिण आफ्रिकेचा पाठलाग ऐकीवच राहतो.

खोलीत शिरल्यावर सगळ्यांत आधी आवाज बघायचा. पडदे वीस असतील, समालोचन एकाच सामन्याचं असतं. ‘आवाज कुठल्या सामन्याचा लावणार?’ हा फोनवर विचारायचा पहिला प्रश्न आहे, ‘सामना दाखवता का?’ हा दुसरा. क्रिकेटमध्ये समालोचनाशिवाय बरंच निसटतं. रिव्ह्यू का घेतला, क्षेत्ररक्षण का बदललं, पंच काय म्हणाले, हे काहीच कळत नाही.

मग उजेड. प्रोजेक्टरचा भलामोठा पडदा जाहिरातीत छान दिसतो. पण इथे मे महिन्यात सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो, आणि मोठ्या खिडक्यांच्या पबमध्ये दुपारी तीन वाजता प्रोजेक्टरवरचा पांढरा चेंडू दिसतच नाही. दिवसाच्या सामन्याला टीव्ही, रात्रीच्या फुटबॉलला प्रोजेक्टर, हा साधा हिशेब. पंचावन्न इंची टीव्ही असेल तर साडेतीन-चार मीटरच्या पुढून धावफलक वाचता येत नाही. फुटबॉलला ते चालतं, क्रिकेटला चालत नाही, कारण अर्धा खेळ त्या खालच्या पट्टीत असतो. पडदा छताजवळ टांगलेला असेल तर त्याच्या अगदी खाली बसू नका. चार तास मान वर करून बसायची ती जागा नाही.

तिसरी गोष्ट उशिराची. उपग्रहावरून येणारं चित्र आणि इंटरनेटवरून येणारं चित्र यांत अर्ध्या मिनिटापर्यंत फरक पडू शकतो. एकाच पबमध्ये वरच्या मजल्यावर एक आणि खाली दुसरं असेल तर विकेट पडण्याआधी ओरडा ऐकू येतो. छपरावर डिश दिसली की थोडं निश्चिंत व्हावं. मित्रांच्या फोनवरचे संदेश मात्र तरीही बंद ठेवावेत.

बुकिंगविषयी फार गैरसमज आहेत. पारंपरिक पबमध्ये बुकिंग बहुधा जेवणासाठी असतं. रविवारी दुपारी टेबलं रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या पारंपरिक जेवणासाठी, दिलेली असतात, आणि जेवायला आलेल्या कुटुंबांसाठी आवाज बंद ठेवला जातो. रविवारच्या आयपीएलला हे सर्रास आडवं येतं. उलट स्पोर्ट्स बारमध्ये टेबल माणशी अनामत किंवा किमान खर्चाच्या अटीवर मिळतं. तिथे लेखी विचारून घ्या: टेबलावरून कुठला पडदा दिसतो, किती वाजेपर्यंत टेबल तुमचं, अनामत बिलातून वजा होते का. बुकिंग म्हणजे खुर्ची मिळाली एवढंच. समोर खांब असेल तर तो तसाच राहतो. वेस्ट केन्सिंग्टनच्या ‘फेमस थ्री किंग्ज’सारख्या, अनेक पडद्यांवर अनेक खेळ दाखवण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जागांतही मोठ्या सामन्याला आधी विचारून जावं.

पैशाचं सांगायचं तर लंडनमध्ये बिअरचा एक पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, साधारण सहा-सात पौंडांना पडतो. मागणी काउंटरवर जाऊन करायची, पैसे तिथेच द्यायचे. टेबलावर आणून देणाऱ्या ठिकाणी बिलात साधारण साडेबारा टक्के सेवाशुल्क असू शकतं, ते नको असेल तर काढायला सांगता येतं. गटात एकेकाने सगळ्यांसाठी आणायची ‘राउंड’ची रीत असते. तिच्यात शिरलात तर आपली पाळी चुकवू नये, आणि प्यायचं नसेल तर सुरुवातीलाच ‘मी माझं घेईन’ म्हणावं. कुणाला राग येत नाही.

न पिणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. इंग्लंड आणि वेल्समध्ये आत बसून प्यायला दारू देणाऱ्या जागेने मागितल्यास पिण्याचं साधं पाणी फुकट द्यायचं, अशी परवान्याचीच सक्ती आहे. लाइम-सोडा बहुतेक ठिकाणी स्वस्त मिळतो. चार तास बसणार असाल तर अधूनमधून काहीतरी विकत घ्यावं, हा शिष्टाचार. नुसतं पाणी घेऊन चारजणांचं टेबल अडवलं तर पुढच्या वेळी पडदा मागायला तोंड राहत नाही. पण दारू न पिता पबमध्ये बसणं इथे पूर्णपणे मान्य आहे, आणि घरच्या वादाच्या दृष्टीने मला ही सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडे परमिट रूममध्ये जाणं म्हणजेच पिणं. म्हणून न पिणाऱ्याला तिथे जागा नाही, आणि बायकांसाठी ‘फॅमिली रूम’ भिंतीपलीकडे वेगळी काढावी लागते. इथे आजी, नातू आणि पाइंट घेतलेला बाप एका टेबलावर जेवतात. लहान मुलांना मात्र बऱ्याच पबांत रात्री आठ-नऊनंतर थांबू देत नाहीत. आधी विचारावं.

दारू विकत घ्यायचं कायदेशीर वय अठरा, पण पंचविशीच्या आतले दिसलात तर ओळखपत्र मागतात. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं लागतात, त्यामुळे नव्या विद्यार्थ्यांना याचं आश्चर्य वाटतं. मूळ पासपोर्ट किंवा ब्रिटिश वाहन परवाना चालतो, फोनमधला पासपोर्टचा फोटो दारावर सहसा चालत नाही. दारावरच्या रखवालदाराला सरकारी परवान्याचा बिल्ला दिसेल असा लावावा लागतो. तुम्हाला कारण न देता अडवलं आणि शेजारच्याला सोडलं, तर वाद न घालता बिल्ल्याचा क्रमांक टिपून ठेवा. तक्रार करायला तोच उपयोगी पडतो.

हे लिहावं लागतं, कारण पबचं दार आपल्या लोकांना नेहमी उघडं नव्हतं. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये अनेक पब भारतीय कामगारांना मुख्य खोलीत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जोहल आणि त्यांचे साथीदार त्याविरुद्ध लढत होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले तेव्हा जोहल त्यांना अशाच एका पबमध्ये घेऊन गेले. त्याच वर्षी सार्वजनिक जागांतल्या वंशभेदाला मनाई करणारा कायदा झाला. पुढे ओतकाम कारखान्यांतल्या पंजाबी कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी पब चालवायला घेतले. आज ज्यांना देसी पब म्हणतात, त्यांची मुळं या लढ्यात आहेत. तंदुरी मिक्स ग्रिल, भांगडा, आणि पडद्यावर क्रिकेट. लंडनमध्ये साउथॉलच्या ‘ग्लासी जंक्शन’मध्ये तर रुपयांत पैसे देता येत. तो २०१२ मध्ये बंद झाला. ज्या खोलीत आज आपण सहज बसतो, तिची किंमत आधीच्या पिढीने मोजली आहे. नव्याने आलेल्या मराठी तरुणाने एकदा तरी देसी पबमध्ये सामना बघावा, असं मला मनापासून वाटतं.

फुटबॉलच्या दिवशी मैदानाजवळच्या पबांवर ‘फक्त यजमान समर्थक’ किंवा ‘क्लबचे रंग नकोत’ अशा पाट्या असतात. त्या शब्दशः घ्याव्यात. आवडत्या संघाची जर्सी घालून चुकीच्या पबमध्ये जाणं हा शौर्याचा भाग नाही. भारत-पाकिस्तान सामन्याला तर मिश्र गर्दीचा, रखवालदार असलेला, एका समाजाचा म्हणून न ओळखला जाणारा पब निवडावा. २८ ऑगस्ट २०२२ च्या आशिया चषकाच्या सामन्यानंतर लेस्टरमध्ये तणाव झाला आणि पुढचे काही आठवडे चिघळत राहिला. घरची भांडणं इथे आणली की ती इथल्या शेजाऱ्यांच्या मुलांच्या वाट्याला येतात.

आता घरच्या वादाकडे. इंग्लंडचा २००३ चा परवाना कायदा चार उद्दिष्टांवर उभा आहे: गुन्हे आणि गोंधळ रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, शेजाऱ्यांना उपद्रव न होणं, आणि मुलांचं संरक्षण. नव्या परवान्याचा अर्ज झाला की फिकट निळ्या कागदावरची सूचना २८ दिवस दारावर लावावी लागते. रस्त्याने जाणारा कोणीही ती वाचून लेखी हरकत घेऊ शकतो. परवाना मिळाल्यावरही कोणीही फेरतपासणी मागू शकतो, पण कारण या चार उद्दिष्टांत बसावं लागतं. ‘पिणं वाईट’ हे कारण चालत नाही. ‘रात्री बारानंतर बाटल्या ओतल्याच्या आवाजाने झोप मोडते’ हे चालतं, आणि मग कचरा सकाळीच बाहेर काढायची अट लागते.

आतमध्ये किती माणसं मावतात, हे आगीच्या धोक्याच्या मूल्यमापनावर ठरतं. तेवढी भरली की एक बाहेर तर एक आत. सिगारेटसाठी बाहेर जाताना हातावर शिक्का घ्यावा, तो याचसाठी. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिलमध्ये आगीत चौदा जीव गेले. त्यानंतर आपल्याकडे गच्चीवरच्या बारांबद्दल खूप बोललं गेलं, पण दारावर मोजून माणसं सोडणं अजून आपल्या सवयीत उतरलेलं नाही.

तरीही महाराष्ट्राकडे एक गोष्ट आहे, जी मला इथे दिसत नाही. नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीला मत दिलं, तर गावातलं किंवा प्रभागातलं दारूचं दुकान बंद होतं. शहरातले अनेकजण या मतदानाकडे मागासलेपणा म्हणून बघतात. त्यांनी लँकेस्टर विद्यापीठाचा अभ्यास वाचावा. लँकेशायर पोलिसांच्या २००२, २००६ आणि २०१० च्या फुटबॉल विश्वचषकांच्या काळातल्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं, की इंग्लंडचा संघ जिंकला किंवा बरोबरीत सुटला त्या दिवशी घरगुती अत्याचाराच्या तक्रारी २६ टक्क्यांनी वाढल्या, हरला त्या दिवशी ३८ टक्क्यांनी. पबमध्ये सगळं नियमात चाललं असेल, आवाज वेळेत बंद झाला असेल, शेजाऱ्यांची तक्रारही नसेल. घरी गेल्यावर जे झालं ते चार उद्दिष्टांपैकी कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हे पाचवं उद्दिष्ट आहे, इंग्लंडच्या कायद्यात ते नाही. गडचिरोलीतल्या बायका नेमकं याच पाचव्या गोष्टीबद्दल बोलत आल्या आहेत. मतदानाचा त्यांचा हक्क काढून घ्यावा, असं कुणी ‘परदेशात बघा’ म्हणून सुचवत असेल, तर ते मला मान्य नाही.

पण लोकांच्या मताला इथे दुसरं टोकही आहे. स्थानिक लोक एखादी इमारत ‘समाजाच्या मोलाची’ म्हणून कौन्सिलकडे नोंदवू शकतात. २०११ च्या कायद्याने हा हक्क दिला. मग मालक ती विकायला काढतो तेव्हा लोकांना पैसे उभे करायला सहा महिने मिळू शकतात. दक्षिण लंडनच्या ननहेडमधला ‘आयव्ही हाउस’ हा या कायद्याखाली नोंद झालेला पहिला पब. तो फ्लॅट बांधणाऱ्यांच्या हाती जाणार होता. २०१३ मध्ये रहिवाशांनी सहकारी संस्था काढली, शेअर विकले आणि तो विकत घेतला. सहकार म्हणजे काय हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी, सगळं आपण काढलं. सामना बघायला, गाणं ऐकायला, पत्ते खेळायला सहकारी तत्त्वावरची एक खोली मात्र आपण कधी मागितली नाही.

तिच्यात दारू असावी की नसावी, हे त्या गावाने ठरवावं. नसली तरी खोलीला काहीच कमी पडत नाही. लंडनमध्येच डॉलिस हिलला १९३२ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, आणि तिथे माणसं जमतात ती एकमेकांसाठी. घरच्या एखाद्या नगरपालिकेने बंद पडलेल्या वाचनालयाचा हॉल, एक मोठा टीव्ही, व्यावसायिक वर्गणी, दारावर माणसांची ठरलेली संख्या आणि रात्री अकराची वेळ एवढं ठरवलं, तरी सुरुवात होईल. अट एकच: दारावर निळ्या कागदासारखी एक सूचना असावी. त्यावर वेळ, क्षमता आणि तक्रारीसाठी फोन क्रमांक असावा, आणि तो फोन सामना चालू असताना कुणीतरी उचलावा.